टोपी अशी का?

पाऊस लागून राहिला की इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या एखाद्या गॅलरीत, मोगऱ्याच्या नाहीतर शेवंतीच्या कुंडीत, रातोरात पिवळीधमक अळंबी उगवते. शास्त्रीय नाव ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमी. कोवळी टोपी अंडाकृती, मग घंटाकार, शेवटी जवळजवळ सपाट. मधोमध छोटा उंचवटा तेवढा टिकून राहतो. एका टोपीचे इतके आकार! म्हणून अभ्यासक कोवळ्या आणि पक्व टोपीचं वर्णन वेगवेगळं लिहितात.

ती झाडाला खात नाही, कुजक्या पाल्यावर जगते. याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळ्याचं खत करण्याची रीत बसवली आणि १९३१ साली पुस्तकरूपाने मांडली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. त्या ढिगातही राबते ती बुरशी आणि जीवाणू.

टोपीचा सगळा खटाटोप तिच्याखालच्या पातळ, उभ्या कल्ल्यांसाठी असतो. बीजाणू कल्ल्यावरून आडवा उडतो, तोही मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाइतका, आणि मग दोन कल्ल्यांमधल्या फटीतून सरळ खाली पडतो. कल्ले तिरके झाले तर तो समोरच्या कल्ल्याला चिकटून वाया जाणार. म्हणून आडवी पडलेली अळंबी देठ वाकवून टोपी पुन्हा सरळ करू पाहते!

खरी कमाल शाईटोपीची, म्हणजे कोप्रिनस कोमाटसची. टोपी लांब दंडगोल, कल्ले एकमेकांना खेटून. इतक्या चिंचोळ्या वाटेने बीजाणू बाहेर पडणार कसे? ते खालच्या कडेला आधी पिकतात, झडतात आणि तेवढी कड विरघळून काळी शाई होऊन गळते. मग वरच्यांची पाळी. बीजाणूंना वाट देण्यासाठी टोपी स्वतःलाच संपवत नेते.

गोव्यात पावसाळ्यात वारुळावर येणाऱ्या अळम्यांच्या टोपीला मात्र मध्यभागी कणखर टोक असतं. वाळवीने जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीतून निघून माती भेदत वर यायचं, तर ते हवंच. रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या वंशाला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं.

कुंडीत अळंबी दिसली तर तिची टोपी कापून रात्रभर काळ्या कागदावर पालथी ठेवा, वर पेला झाका. सकाळी बीजाणूंची नक्षी मिळेल. नंतर हात धुवा आणि ती चाखू नका: ही पिवळी विषारी आहे, आणि नुसत्या टोपीच्या आकारावरून कोणतीच अळंबी खाण्याजोगी ठरत नाही.