काचेच्या टाकीतील वॅलिसनेरिया

घरातील काचेच्या टाकीत मासे पाळावयाचे असल्यास सोबत वॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावणे हितावह होय. हिची पाने हिरव्या फितीप्रमाणे लांब असतात. बीड जिल्ह्यात अनेक विहिरींचे पाणी जड असून त्यात साबणाचा फेस होत नाही. असे पाणी हिला मानवते.

टाकीत धुतलेल्या जाड वाळूचा ५ ते ७ सेंटिमीटर थर द्यावा. मुळे वाळूत पुरावीत. पाने जेथून फुटतात तो भाग मात्र उघडा ठेवावा, अन्यथा रोप कुजते. रोज ८ ते १० तास उजेड द्यावा. कडक ऊन लागल्यास शेवाळ माजते. दर पंधरवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलून काढलेले पाणी परसबागेस घालावे.

जांभळ्या फुलांना भुलून जलपर्णी मात्र आणू नये. तीही शोभेसाठीच दक्षिण अमेरिकेतून भारतात आली व जलाशय व्यापून बसली. तिच्या आच्छादनाखाली पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरतात, कालवे तुंबतात. माजलगाव व मांजरा धरणांवर विसंबणाऱ्या जिल्ह्यास हे परवडणारे नाही. म्हणून टाकीतील कोणतीही जादा रोपे ओढ्यात वा तलावात न टाकता कंपोस्टच्या खड्ड्यात पुरावीत.