अतिवजन आणि स्थूलता : आर्थिक भाराचे स्वरूप

एखाद्याचे वजन वाढले की ‘तब्येत सुधारली’ असे आपण सहज म्हणतो. ‘खात्यापित्या घरचा’ हेही कौतुकच. ज्या समाजाने दुष्काळ सोसले, त्याच्या भाषेत भरलेले अंग संपन्नतेचे चिन्ह ठरणे स्वाभाविक होते. आज मात्र वाढलेल्या वजनाची नोंद घराच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूला करावी लागते.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरवस्तुमान निर्देशांक मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांमध्ये तो २५ वा अधिक असल्यास अतिवजन, ३० वा अधिक असल्यास स्थूलता मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) भारतातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष २५ च्या वर आढळले.

या भाराचे दोन प्रकार आहेत.

१. प्रत्यक्ष खर्च : तपासणी, औषधे, रुग्णालय, प्रवास.
२. अप्रत्यक्ष खर्च : बुडालेली मजुरी, घटलेली कार्यक्षमता, अकाली मृत्यूमुळे गमावलेली कमाई.

उदाहरणासाठी भंडारा जिल्ह्यातील वरठी घेऊ. भोवती धानाची शेती आणि गावात पोलादाचा कारखाना. समजा, येथील एका रोजंदारी कामगाराला स्थूलतेमुळे मधुमेह व गुडघेदुखी जडली. महिन्याची औषधे ७०० रुपये, तपासणी व नागपूरचा प्रवास ५०० रुपये. म्हणजे प्रत्यक्ष खर्च १,२०० रुपये. ५०० रुपये रोजाचे चार दिवस बुडाले आणि सोबत गेलेल्या पत्नीची ३०० रुपये मजुरी गेली. म्हणजे अप्रत्यक्ष खर्च २,३०० रुपये. हे आकडे काल्पनिक असले तरी त्यांतील तत्त्व खरे आहे. पावती मिळते ती १,२०० रुपयांची. उरलेले २,३०० रुपये कोणत्याही कागदावर येत नाहीत. पगारी रजा असलेल्या कर्मचाऱ्याचा हा भार मालकावर पडतो, रोजंदाराचा त्याच्या चुलीवर.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक मधुमेहाचे कारण स्थूलता नसते. म्हणून अभ्यासक रोगाच्या एकूण खर्चातून स्थूलतेमुळे उद्भवणारा हिस्साच वेगळा काढतात. प्रतिबंधाचे उपाय न सुधारल्यास २०३५ मध्ये जगावर वर्षाला ४.३२ लाख कोटी डॉलरचा, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या जवळपास ३ टक्के भार पडेल, असा अंदाज जागतिक स्थूलता महासंघाने २०२३ मध्ये मांडला.

उपक्रम : शरीरयष्टीविषयीचे पाच शब्दप्रयोग आपल्या बोलीतून जमवा. त्यांत कौतुक किती, चिंता किती आणि खर्चाची जाणीव किती, ते लिहा.