डबा महाग की चॉकलेट?

सोनेरी कागद, रेशमी रिबीन, त्यावर ऐटदार अक्षरात 'स्विस' नाहीतर 'बेल्जियन'... आणि कोपऱ्यात, बारीक टायपात किंमत! महागड्या चॉकलेटमध्ये आपण नेमके कशाचे पैसे मोजतो आणि खिसा सांभाळून जिभेचे लाड कसे करायचे, त्याचा हा गोड हिशोब.

मॉलमधल्या इम्पोर्टेड चॉकलेट्सच्या शेल्फसमोर उभं राहिलं की दोन प्रश्न पडतात. पहिला, 'कुठलं घेऊ?' आणि दुसरा, जो आपण मोठ्याने कधीच विचारत नाही, 'एवढे पैसे नेमके कशाचे?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की पहिल्याचं आपोआप मिळतं.

एके काळी चॉकलेट म्हणजे परीक्षेत पास झाल्यावर मिळणारी डेअरी मिल्क, आणि परदेशातून येणाऱ्या मामाच्या बॅगेतलं त्रिकोणी टोब्लेरॉन. ते भावंडांत मोजून वाटलं जायचं. आता मामाची वाट बघावी लागत नाही. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये अर्धा युरोप मांडलेला असतो. पगार आपला, कार्ड आपलं आणि मोहही आपलाच! दिवाळीला बॉसला, वाढदिवसाला मैत्रिणीला, पहिल्या भेटीत होणाऱ्या सासूबाईंना... चॉकलेटचा डबा हे आपल्या पिढीचं पेढ्यांचं पुडकं झालंय. फरक एवढाच, की पेढे घेताना आपण भाव विचारतो, चव बघतो. चॉकलेट घेताना मात्र रिबीन बघून भुलतो.

आधी भागाकार करा!

चॉकलेटची तुलना करायची पहिली रीत अगदी भाजी मंडईतली आहे. डब्याची किंमत बघू नका, भाव बघा. समजा, एक बार शंभर ग्रॅमचा आणि ३०० रुपयांचा आहे. शेजारी बारा प्रालिन्सचा देखणा डबा १५०० रुपयांना आहे, पण आत माल दीडशे ग्रॅम. म्हणजे पहिल्याचा भाव शंभर ग्रॅमला ३०० आणि दुसऱ्याचा १०००. दुसरं तिप्पट चांगलं लागणार आहे का, हा प्रश्न मग आपला आपणच विचारायचा.

त्यासाठी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडायचीही गरज नाही. पाकिटावर एमआरपीच्या आसपास दर ग्रॅमला किती रुपये पडतात, तो आकडा छापलेला असतो. तो वाचायची सवय लावून घ्या. वजनही दर वेळी बघा. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये टोब्लेरॉनच्या डोंगरांमधल्या दऱ्या अचानक रुंद झाल्या. ४०० ग्रॅमचा बार ३६० ग्रॅमचा झाला, खोका मात्र जवळपास तोच! तिकडे केवढा गहजब झाला होता.

आणि महागाईची हद्दच बघायची असेल, तर ती आपल्याच देशात झाली आहे. २०१९ मध्ये आयटीसीच्या 'फाबेल'ने मुंबईत काही ट्रफल्स सादर केली. भाव किलोला सुमारे ४ लाख ३० हजार रुपये! गिनेस बुकाने तेव्हा जगातलं सगळ्यात महाग चॉकलेट म्हणून त्याची नोंद केली. एवढ्या पैशात पुण्याबाहेर पार्किंग तरी मिळेल.

मग पाकीट उलटं करा

दुसरी रीत : पुढची बाजू जाहिरात असते, मागची बाजू जबानी. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. जे पहिलं, ते सर्वात जास्त. बऱ्याचशा मिल्क चॉकलेटमध्ये पहिला शब्द असतो साखर. त्यात फसवणूक काही नाही, पण आपण साखरेला काय भाव देतोय ते कळलेलं बरं.

दुसरा शोधायचा शब्द म्हणजे कोको बटर. चॉकलेटची सगळी जादू या फॅटमध्ये आहे. ते साधारण ३४ अंशांना वितळतं आणि आपलं शरीर असतं ३७ अंशांचं. म्हणून चांगलं चॉकलेट हातात टणक राहतं आणि जिभेवर ठेवलं की विरघळतं. कोको बटर महाग असतं. म्हणून स्वस्त मालात त्याऐवजी पामसारखं वनस्पती फॅट वापरतात. त्याला धंद्यात 'कंपाऊंड' म्हणतात. ते उन्हाळ्यात टिकतं, हाताळायला सोपं असतं, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसतो. तो थर ओळखता आला, की अर्धं शिक्षण झालं.

आणि ते ७० टक्के, ८५ टक्के? तो कोकोचा वाटा, म्हणजे कोको आणि कोको बटर मिळून. साध्या डार्क बारमध्ये उरलेली जवळपास सगळी साखर. ५५ टक्क्यांच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ४५ ग्रॅम साखर, ८५ टक्क्यांत १५. टक्का वाढला म्हणजे दर्जा वाढला असं मात्र नाही. कडूपणा नक्की वाढतो!

बड्या नावांची झाडाझडती

फेरेरो रोशे : १९८२ पासून सोनेरी कागदात मिरवणारा हा गोळा म्हणजे गिफ्टचा राजा. पण कंपनीच्याच यादीप्रमाणे त्यात मिल्क चॉकलेट ३० टक्के. म्हणजे सोळा गोळ्यांच्या २०० ग्रॅमच्या डब्यात चॉकलेट ६० ग्रॅम. बाकी हेझलनट, साखर, पाम तेल, वेफर. मग वाईट आहे का? मुळीच नाही! कुरकुरीत, खमंग, सगळ्यांना आवडणारं आहे. फक्त ते चॉकलेट लावलेली मिठाई आहे, एवढं लक्षात ठेवून घ्या.

लिंट : रोडॉल्फ लिंट या स्विस गृहस्थाने १८७९ मध्ये चॉकलेट तासन्‌तास घोटायची पद्धत काढली. आज आपण ज्याला 'स्मूथ' म्हणतो, तो स्मूथपणा तेव्हापासूनचा. आता या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. 'एक्सलन्स'चा ८५ टक्क्यांचा बार घ्या, यादीत कोको, कोको बटर, साखर, व्हॅनिला एवढंच. 'लिंडोर'चे गोल गोळे घ्या, त्यांच्या यादीत साखरेपाठोपाठ नारळ आणि पामगराचं फॅट. ते आतलं मऊ मऊ सारण इतकं झटकन का विरघळतं? पुण्याच्या थंडीत बाटलीत थिजलेलं खोबरेल तेल उन्हात ठेवलं की पातळ होतं ना, तसंच! म्हणजे चॉकलेट हवं असेल तर बार, लाड हवे असतील तर गोळे. भाव ग्रॅमच्या आकड्यावरून ताडून बघा, बार बहुधा जिंकतो.

बेल्जियन प्रालिन्स : कवचात सारण भरलेलं हे चॉकलेट १९१२ मध्ये ब्रुसेल्सच्या नॉयहाउस घराण्याने आणलं. त्याच शहरात १९२६ मध्ये सुरू झालेल्या 'गोडिवा'ची मालकी २००७ मध्ये तुर्कस्तानच्या यिल्दिझ समूहाकडे गेली. प्रालिन ही ताजी खायची वस्तू. क्रीम असेल तर आयुष्य आणखी कमी. तेव्हा डब्यावरची तारीख बघितल्याशिवाय कार्ड काढू नका. महिनोन्‌महिने प्रवास केलेल्या प्रालिनपेक्षा शहरातल्याच एखाद्या चांगल्या चॉकलेटवाल्याने कालपरवा केलेली नक्की सरस.

टोब्लेरॉन : १९०८ पासूनचा बर्नचा बार. पण काही उत्पादन स्लोव्हाकियात हलवायचं ठरलं आणि २०२३ मध्ये स्विस कायद्यामुळे खोक्यावरचं मॅटरहॉर्न शिखर काढावं लागलं. आठवणींसाठी खायचा असेल तर जरूर खा.

व्हाया बारामती

आता जरा गंमत. फेरेरोचा कारखाना २०११ पासून कुठे आहे माहितीये? बारामतीत! आणि बेल्जियम-स्वित्झर्लंडशी नातं असलेली, जगभरच्या असंख्य ब्रँड्सना चॉकलेट पुरवणारी 'बॅरी कॅलेबॉ' ही कंपनी? तिनेही २०२० मध्ये बारामतीतच कारखाना टाकला. म्हणजे उसाच्या आणि द्राक्षांच्या मुलखातून आता चॉकलेटही निघतं.

यातून एक शहाणपण घ्यायचं. चॉकलेट विकणारे सगळे जण चॉकलेट बनवत नाहीत. बियांपासून चॉकलेट करणारे वेगळे आणि तयार चॉकलेट आणून, वितळवून, त्याला आकार आणि रिबीन देणारे वेगळे. दुसरं कामही कौशल्याचं आहे, शंका नाही. पण ते तयार चॉकलेट तुम्हालाही मिळू शकतं. बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात बटणांच्या आकाराचं 'कूव्हर्चर' पाकिटात मिळतं. हे भरपूर कोको बटरचं अस्सल चॉकलेट. घरी हलकेच वितळवा, भाजलेले काजू-बदाम घाला, बटर पेपरवर थापा. बुटिकच्या डब्याच्या तुलनेत खर्च कितीतरी कमी, आणि 'मी केलंय' ही मिजास फुकट!

देशी बार, विदेशी तोरा

भारतात कोकोच्या लागवडीला १९६५ च्या सुमारास कॅडबरीने चालना दिली. केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत ही झाडं वाढतात. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याच बियांपासून झकास बार निघायला लागले. ऑरोव्हिलचं 'मेसन अँड को', मैसूरचं 'नाविलुना', तमिळनाडूतल्या स्वतःच्या मळ्यातल्या कोकोचं 'सोकलेट', पश्चिम गोदावरीचा कोको वापरणारं हैदराबादचं 'मनम'. कोचीच्या 'पॉल अँड माइक'ने तर २०२१ मध्ये सिचुआन मिरी आणि संत्र्याच्या सालीच्या ६४ टक्क्यांच्या डार्क बारला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं.

हे स्वस्त आहेत का? नाहीत. बार छोटे आणि ग्रॅमचा आकडा बऱ्याचदा इम्पोर्टेड बारच्याही पुढे. पण इथे पैसा जातो तो बियांत आणि मेहनतीत, आणि बिया कुठल्या हे पाकिटावर लिहिलेलं असतं. महिन्यातून एकदा, दोघांत एक, असा हा खर्च.

रोजच्यासाठी मात्र दोन जुनी माणसं आहेत, दोन्ही सहकारी! अमूलचे ५५, ७५, ९० आणि (छाती असेल तर) ९९ टक्क्यांचे डार्क बार, आणि मंगळूरच्या 'कॅम्पको'चे. सुपारी-कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची ही संस्था १९७३ ची, पुत्तूरचा तिचा चॉकलेट कारखाना १९८६ चा. यांना रिबीन नाही, म्हणून तर भाव परवडतो.

'होममेड' म्हणजे काय रे भाऊ?

महाबळेश्वर, लोणावळा, उटी. ट्रीपहून येताना किलोच्या भावाने 'होममेड' चॉकलेट आणायची आपली परंपराच. त्यातलं पुष्कळसं कंपाऊंडच्या लादीपासून केलेलं असतं. घ्या बिनधास्त, पण भाव कंपाऊंडचा द्या! दुकानदाराला सरळ विचारा, 'कंपाऊंड आहे की कोको बटरचं?' तो चपापला तर उत्तर मिळालं.

भाव का चढले?

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे लहरी पाऊस आणि झाडांवरचा रोग यांनी पीक कोसळलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. २०२५ मध्ये तो बराच उतरला. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. १ ऑक्टोबर २०२५ ला स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार लागू झाला, त्यात स्विस चॉकलेटवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. तेव्हा पाकिटावरच्या आकड्यावर नजर ठेवा. वजन गुपचूप कमी होत नाही ना, त्यावरही!

कुणासाठी काय?

* ऑफिसच्या ड्रॉवरसाठी : अमूल किंवा कॅम्पकोचा डार्क बार. चार वाजता दोन वड्या पुरतात.
* सासूबाई, बॉस, क्लायंट : फेरेरो नाहीतर लिंडोर. इथे डब्याचंही काम असतं, त्याचे पैसे द्यायला हरकत नाही.
* खऱ्या शौकिनासाठी : दोन वेगवेगळे देशी क्राफ्ट बार. एका डब्याच्या पैशात गप्पांना विषयही मिळतो.
* पन्नास जणांच्या टीमसाठी : घरचं कूव्हर्चर आणि काजू.
* स्वतःसाठी, अप्रेझलच्या दिवशी : जे हवं ते. त्या दिवशी भागाकार माफ!

चौकट : शुक्रवारची चॉकलेट टेस्ट

चार जणांनी एकेक बार आणायचा. एकाने कागद काढून वड्या बशीत मांडायच्या, नंबर टाकायचे, नावं लपवायची. आता बघा : चकाकी आहे का? मोडताना 'टक्' आवाज येतो का? चावू नका, जिभेवर ठेवा. विरघळतंय की मेणासारखं चिकटतंय? प्रत्येकाने गुण द्यायचे, मगच नावं आणि भाव उघडायचे. सगळ्यात महाग बार कितवा आला, त्यावर सोमवारपर्यंत चर्चा रंगते.

आणि हो, उरलेलं चॉकलेट उघडं फ्रिजमध्ये टाकू नका, लसणीच्या चटणीचा वास लागेल. हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, नाहीतर वड्यांवर पाणी सुटतं. पांढरट थर आला तर तो बहुधा बुरशीचा नसतो. फॅट किंवा साखर वर आलेली असते, खायला चालतं. अर्थात, चॉकलेट उरलं तर! ज्या घरात ते उरतं, त्या घराचा पत्ता आम्हाला जरूर कळवा.