घरामागचं तळं



मिरगाचा पाऊस पडला की रात्रभर बेडकांचा ओरडा चालायचा, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पाटाकडेची डबकी बुजली आणि आमच्या वस्तीवर तो आवाज बंदच पडला. म्हणून परड्यात आम्ही एक लहान तळं केलं. लोक हसले, "डास पाळताय काय?" म्हणाले.

आठ फूट लांब, पाच फूट रुंद, मध्ये दोन फूट खोल खड्डा घेतला. खडे वेचले, तळाला वाळू टाकली आणि शेततळ्याचा उरलेला कागद अंथरला. चूक एकच झाली. चारी बाजू उभ्या तासल्या. चौथ्या दिवशी सकाळी एक भेक आणि कोंबडीचं पिल्लू मरून तरंगत होतं. आत जाता येत होतं, बाहेर येता येत नव्हतं. मग एक बाजू उतरती केली, तिच्यावर माती व दगड रचले. आता चिमण्या, होले त्याच उतारावर पाणी पितात.

डासांचं म्हणणं खोटं नव्हतं. पंधरवड्यात अळ्या दिसल्या. ओढ्यातले मूठभर बारके मासे सोडले. मासे बेडकांची अंडीही खातात, म्हणून काठाला लव्हाळा लावला. पिल्लांना लपण आलं. पुढे चतुर आले. त्यांची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात. जलपर्णी मात्र चुकूनही टाकू नये. फवारणीचा पंप तिथे धुऊ नये.

परदेशी जाणाऱ्या बेडकांच्या तंगड्यांची निर्यात सरकारने १९८७ साली बंद केली, ती उगीच नव्हे. बेडूक शेतातले किडे खातो. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, तेही तो टिपतो. बेडकांनी हुमणी संपेल असं आम्ही म्हणत नाही. भुंगेरे गोळा करायचं काम आपलं आपल्यालाच आहे.

घरात रांगतं मूल असेल तर कुंपणाशिवाय तळं करू नये. वीतभर पाणीही घात करतं. आणि ज्यांची कागदाची मोठी शेततळी आहेत, त्यांना हात जोडून विनंती. तो कागद निसरडा असतो, पोहणाराही वर येऊ शकत नाही. आजच कुंपण घाला आणि काठाला पक्का बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवा.

यंदा मिरगाला आमच्या परड्यात बेडूक ओरडले. झोपमोड झाली, पण कोणी तक्रार केली नाही.