दाते जितके जास्त, तितके भले?

२००५ साली रवांडाच्या आरोग्यासाठी परदेशी दात्यांनी आजारवार बांधून दिलेल्या पैशाची वाटणी अशी होती : एड्ससाठी ४ कोटी ७० लाख डॉलर, मलेरियासाठी १ कोटी ८० लाख आणि लहान मुलांच्या सर्वसाधारण आजारांसाठी अवघे १० लाख. त्या वेळी देशातले सर्वाधिक मृत्यू मलेरियाने होत होते आणि एचआयव्हीची लागण साधारण ३ टक्के प्रौढांना होती. या वाटणीत कुणी चोरी केली नव्हती, कुणाची नियतही वाईट नव्हती. प्रत्येक दात्याने आपल्या राजधानीत बसून आपल्यापुरता नीट विचार केला होता. फक्त सगळ्यांची बेरीज करून पाहणारे कुणी नव्हते.

परकीय मदतीवर बोलायचे म्हटले की आपल्याकडे दोनच विषय निघतात, देणाऱ्याचा स्वार्थ आणि घेणाऱ्याचा भ्रष्टाचार. दोन्ही खरे आहेत. पण २०२४ साली श्रीमंत देशांनी सरकारी विकास मदत म्हणून मोजलेली रक्कम सुमारे २१२ अब्ज डॉलर होती, आणि तिचे काय होते हे ठरवणारा तिसरा, बराच कंटाळवाणा विषय म्हणजे या दात्यांचा आपसातला आणि घेणाऱ्या सरकारशी असलेला समन्वय. त्याबद्दलचे समज मात्र पक्के आहेत.

गैरसमज : दाते जास्त म्हणजे मदत जास्त.

कागदावर जास्त. मंत्रालयात मात्र प्रत्येक नव्या दात्याबरोबर एक नवा अहवालाचा नमुना येतो, नवे खरेदीचे नियम, नवे लेखापरीक्षण आणि बहुतेकदा वातानुकूलित प्रकल्प कार्यालयही येते. अमेरिकेचे आर्थिक वर्ष ऑक्टोबरला सुरू होते, जपान आणि ब्रिटनचे एप्रिलला, जर्मनीचे जानेवारीला. टांझानियाचे स्वतःचे जुलैला. म्हणजे तिथल्या एखाद्या उपसचिवाने एकाच शाळा योजनेचा हिशेब वर्षातून चार वेगवेगळ्या तारखांना बंद करायचा, आणि मधल्या दिवसांत परदेशी शिष्टमंडळांना विमानतळावरून आणायचे. टांझानियाने पुढे यावर मोठा नामी उपाय काढला. अर्थसंकल्प तयार होण्याच्या महिन्यांत दात्यांनी अगदी निकड असल्याशिवाय शिष्टमंडळे पाठवू नयेत, आम्हाला शांतपणे काम करू द्यावे, असा संकेतच घालून दिला. पाहुण्यांना ‘नंतर या’ म्हणणे गरीब सरकारला सोपे नसते.

खरा तोटा माणसांचा होतो. प्रकल्प कार्यालये सरकारी पगाराच्या कित्येक पट देतात आणि खात्यातला सगळ्यात हुशार अधिकारी, लेखापाल, डॉक्टर तिकडे जातो. जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ स्टीफन नॅक आणि अमिनूर रहमान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले. जिथे मदत बऱ्याच दात्यांत तुकड्यातुकड्यांनी वाटली गेली, तिथल्या नोकरशाहीचा दर्जा घसरण्याकडे कल होता. म्हणजे सरकार सक्षम व्हावे म्हणून आलेला पैसा सरकारलाच पोखरतो. त्यात दात्याने ‘माल आमच्याच देशातून घ्या’ अशी अट घातलेली असली, तर तोच माल १५ ते ३० टक्के महाग पडतो, असा अंदाज नव्वदच्या दशकापासून सांगितला जातो आहे.

महाराष्ट्राला हे परके नाही. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारचा मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला, आणि त्याच वेळी अनेक संस्थांनी आणि दात्यांनी एकेक गाव दत्तक घेतले. कुणाची घरे एका धर्तीची, कुणाची दुसऱ्या. शेजारच्या गावाला काय मिळाले आणि आपल्याला काय, ही तुलना लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांमध्ये पुढे बराच काळ चालली.

गैरसमज : समन्वय म्हणजे दात्यांच्या बैठका.

बैठका तर भरपूर होतात. दर क्षेत्राचा एक कार्यगट, त्याचे उपगट, सहअध्यक्ष, इतिवृत्त. त्यातून ‘कोण काय करतो आहे’ याची यादी मिळते. तेवढ्यावर समन्वय झाला म्हणणे म्हणजे पाहुण्यांची यादी केली की लग्न लागले म्हणण्यासारखे आहे. काय करू नये हे कुणी ठरवायचे, हा मूळ प्रश्न असतो, आणि तो अधिकार घेणाऱ्या सरकारने हातात घेतल्याशिवाय काहीही हलत नाही.

याचे सगळ्यात चांगले उदाहरण पुन्हा टांझानियाच आहे. १९९४च्या अखेरीस करसवलतींतले गैरव्यवहार आणि ढिली करवसुली यांवरून दात्यांनी तिथली मदत रोखली. दोन्ही बाजू एकमेकांना तोंड दाखवायला तयार नव्हत्या. तेव्हा डेन्मार्कच्या पुढाकाराने कॅनडाचे अर्थतज्ज्ञ जेराल्ड हेलाइनर यांच्या नेतृत्वाखाली एक स्वतंत्र गट नेमला गेला. १९९५चा त्यांचा अहवाल वाचताना दाते अस्वस्थ झाले असणार, कारण सरकारच्या चुकांइतकेच त्यांच्याही वागण्यावर त्यात बोट ठेवले होते. सरकारला न विचारता योजना आखणे, अर्थसंकल्पाबाहेरून पैसा फिरवणे, अटींची रास घालणे. त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर बेंजामिन म्कापा राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोन्ही बाजूंनी कोणत्या सुधारणा करायच्या हे ठरले. पुढे स्वतंत्र तज्ज्ञांचा गट दोघांचीही तपासणी करू लागला. देणाऱ्याचीही परीक्षा घेता येते, ही कल्पना तेव्हा नवी होती.

रवांडाने ती आणखी कडक केली. २००६ साली मदतीचे धोरण लिहिले आणि पुढे दात्यांना वर्षाकाठी गुण देणारे मूल्यमापन सुरू केले. कुणी पैसा वेळेवर दिला, कुणी सरकारी खरेदीपद्धत वापरली, कुणी आधी सांगितलेला आकडा पाळला, हे सगळे त्यात आले आणि ते तक्ते प्रसिद्धही झाले. २०१० साली दात्यांमध्ये खातेवाटप झाले. प्रत्येक द्विपक्षीय दात्याने जास्तीत जास्त तीन क्षेत्रे निवडायची, बाकीच्यांतून बाहेर पडायचे. ज्या क्षेत्रात तुमच्या देशाचे नाव वीस वर्षे झळकले, तिथून ‘आता पुरे’ असे अर्थमंत्रालय सांगते, तेव्हा राजदूतांना काय वाटत असेल याची कल्पना करावी. रवांडाच्या राजवटीबद्दल, विरोधकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल गंभीर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. दात्यांना रांगेत उभे करू शकणारे सरकार इतर बाबतींतही कुणाचे ऐकत नाही, ही त्या कार्यक्षमतेची दुसरी बाजू आहे.

गैरसमज : दाते एकत्र आले की घेणाऱ्याचे भलेच होते.

इथे आपलाच इतिहास पुरेसा आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या मध्यावर परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा १९५८च्या ऑगस्टमध्ये जागतिक बँकेने अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, जपान आणि कॅनडा यांना एकत्र बसवले. त्यातून ‘एड इंडिया कन्सॉर्शियम’ उभे राहिले. दाते-समन्वयाचा जगातला हा अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. भारताला त्याचा फायदा झाला, कारण दारोदार फिरण्याऐवजी एका टेबलावर वर्षाचा आकडा मिळू लागला. पण जे टेबलावर एकत्र देतात, ते एकत्र मागूही शकतात. १९६५चे युद्ध, अमेरिकेने थांबवलेली मदत आणि दुष्काळ यांच्या कात्रीत सापडलेल्या इंदिरा गांधी सरकारने ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरमागे ४.७६ रुपयांचे ७.५० झाले. त्या बदल्यात दरवर्षी सुमारे ९० कोटी डॉलरची मदत येईल, अशी अपेक्षा निर्माण करण्यात आली होती. ती पुढे पुरी झाली नाही. राजकीय किंमत मात्र सरकारला मोजावी लागली आणि ‘परदेशी दबाव’ हा शब्दप्रयोग भारतीय राजकारणात कायमचा रुजला.

याच काळातली दुसरी गोष्टही पाहावी. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या मदतीने, राउरकेला पश्चिम जर्मनीच्या, दुर्गापूर ब्रिटनच्या. बोकारोसाठी अमेरिकेकडे विचारणा झाली, तिथल्या काँग्रेसमध्ये सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्याला विरोध झाला, भारताने १९६३ साली विनंती मागे घेतली आणि ते काम सोव्हिएत संघाने केले. या दात्यांत समन्वय नव्हता, चुरस होती. त्या चुरशीत भारताला वाव मिळाला. आज आफ्रिकेतली सरकारे पश्चिमी दात्यांच्या समन्वय गटांबाहेर चीनशी वेगळी बोलणी करतात, तेव्हा युरोपीय राजधान्यांत नाराजी दिसते. मला त्यात फारसे आश्चर्य वाटत नाही. घेणाऱ्याच्या हातात दुसरा पर्याय असणे हीसुद्धा त्याची एक ताकद आहे.

गैरसमज : सगळ्यांनी पैसा एका थैलीत टाकला की प्रश्न मिटला.

प्रकल्पांची गर्दी टाळण्यासाठी थेट सरकारच्या तिजोरीत पैसा द्यायचा, हा समन्वयाचा सर्वांत शुद्ध प्रकार. मोझांबिकमध्ये असे देणारे दाते वाढत वाढत एकोणीस झाले, आणि ‘जी-१९’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. समान अटी, समान आढावा, एकच अहवाल. मग २०१६च्या एप्रिलमध्ये उघड झाले की काही वर्षांपूर्वी तीन सरकारी कंपन्यांनी, संसदेला अंधारात ठेवून दिलेल्या सरकारी हमीवर, सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जे उचलली होती आणि त्यातला मोठा भाग लपवला होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी थांबला, दातेही थांबले. सगळे एकदम. चलन कोसळले, महागाई भडकली, आणि ज्यांनी त्या कर्जाचे कागदही पाहिले नव्हते त्या लोकांच्या दवाखान्यांचा पैसा आटला. सामाईक थैलीचे तोंड एकाच दोरीने बांधलेले असते. यावरून थेट तिजोरीत मदत देऊच नये, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा वाटतो. ती कर्जे मदतीच्या थैलीबाहेरून, व्यापारी बँकांकडून आली होती.

गैरसमज : पॅरिसमध्ये हे सगळे एकदाचे ठरले.

मदतीबाबतच्या २ मार्च २००५च्या पॅरिस जाहीरनाम्यावर शंभरावर देशांनी आणि संस्थांनी सह्या केल्या. मदतीची मालकी घेणाऱ्या देशाची, दात्यांनी त्याच्याच पद्धती वापरायच्या, आपसात मेळ घालायचा, परिणाम मोजायचे, उत्तरदायित्व दोघांचे. २०१०पर्यंतची मोजता येतील अशी उद्दिष्टे ठरली. २०११ साली हिशेब मांडला तेव्हा १३ पैकी एकच पुरे झाले होते. घेणाऱ्या देशांनी आपल्या बाजूची कामे जास्त मन लावून केली होती, देणाऱ्यांनी कमी. कारण सोपे आहे. मदतखात्याच्या मंत्र्याला आपल्या संसदेत फोटो दाखवायचा असतो, शाळेच्या फाटकावर आपला झेंडा हवा असतो, आणि दुसऱ्याच्या लेखापरीक्षणावर विसंबून उद्या काही उलटले तर खुर्ची त्याची जाते. समन्वयाचा खर्च त्याच्या देशात दिसतो, फायदा दूर कुठेतरी होतो.

गैरसमज : परिषदेत जाहीर झाले म्हणजे मिळाले.

२०१५च्या भूकंपानंतर दोनच महिन्यांत काठमांडूच्या परिषदेत नेपाळसाठी सुमारे ४.४ अब्ज डॉलरच्या घोषणा झाल्या. त्यांपैकी १ अब्ज भारताचे, त्यातले चौथाई अनुदान आणि बाकी कर्ज. पुनर्बांधणी करणारे प्राधिकरण मात्र राजकीय भांडणात अडकले आणि डिसेंबरअखेर उभे राहिले. तोवर पावसाळा गेला आणि थंडीही आली. घोषणेत अनुदान आणि कर्ज एकाच बेरजेत मांडायची पद्धत आहे, तेव्हा बातमीतला मोठा आकडा वाचताना तेवढे सोडवून वाचावे.

गैरसमज : भारताचा आता याच्याशी संबंध नाही.

२००३ साली वाजपेयी सरकारने ठरवले की द्विपक्षीय मदत मोजक्या मोठ्या दात्यांकडूनच घ्यायची. अमेरिका, ब्रिटन, जपान, जर्मनी, रशिया आणि युरोपीय संघ. छोट्या दात्यांना नम्रपणे सांगण्यात आले की स्वयंसेवी संस्थांना किंवा संयुक्त राष्ट्रांमार्फत द्या. बातम्यांत स्वाभिमानाचा सूर होता, पण कारणांत प्रशासकीय हिशेबही होता. लहान रकमेच्या प्रकल्पालाही मोठ्याइतक्याच फायली लागतात. पुढे ही मर्यादा काहीशी सैल झाली. रवांडाने जे खातेवाटपाने साधले, ते भारताने दार बंद करून साधले, आणि त्याला कुणाच्या जाहीरनाम्याची गरज पडली नाही.

दुसरीकडे भारत स्वतः दाता झाला आहे. १९६४पासून ‘आयटेक’ या कार्यक्रमाखाली प्रशिक्षण, आणि एक्झिम बँकेमार्फत आफ्रिकेला, शेजाऱ्यांना कर्जे. त्यांत मालाचा मोठा हिस्सा भारतातूनच घ्यायची अट असते. ज्या अटीला आपण एके काळी नाके मुरडली, तीच आता आपण घालतो. श्रीमंत देशांच्या दाते समितीत भारत नाही. मदतीवरच्या २०११च्या बुसान परिषदेत नव्या दात्यांसाठी तिथे ठरलेली तत्त्वे ऐच्छिक राहतील, अशी सवलत भारत आणि चीन यांनी आग्रहाने लिहून घेतली.

गैरसमज : खातेवाटप केले की काळजी नको.

खातेवाटपात प्रत्येक क्षेत्र दोन-तीन दात्यांवर उभे राहते. त्यातला एक निघाला की भोक मोठे पडते. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परकीय मदत गोठवली आणि जुलैपासून यूएसएड या तिथल्या सरकारी मदतसंस्थेमार्फत मदत देणेच बंद झाले. अनेक आफ्रिकी देशांत एचआयव्हीच्या औषधांचा आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा भाग तिच्यावर होता, आणि तिची जागा घेईल असा दुसरा दाता समन्वयाच्या कोणत्याही तक्त्यात नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत रवांडाने पूर्व काँगोवरून झालेल्या वादात बेल्जियमशी असलेला विकास सहकार्याचा कार्यक्रम स्वतःहून थांबवला. २०२४ ते २०२९साठी ठरलेले ते ९ कोटी ५० लाख युरो होते, आणि बेल्जियम तिथल्या आरोग्यक्षेत्रातला जुना दाता.