विद्यार्थ्यांचे मन आणि विद्यापीठांचे उत्तरदायित्व

कोविड महामारीच्या आठवणी समाजाच्या मनातून झपाट्याने पुसल्या जात आहेत. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जे विद्यार्थी पदवीच्या उंबरठ्यावर उभे होते, त्यांच्या मनस्तापाचा हिशेब विद्यापीठांनी अद्याप मांडलेला नाही. रोगाच्या भीतीने आणि सक्तीच्या एकांतवासाने ती मुले खचली, असे सर्रास म्हटले जाते. ते खोटे नव्हे. पण ते अर्धेच सत्य होय. उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी रोगजंतूवर ढकलता येत नाही.

घटनाक्रम पुरेसा बोलका आहे. मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रातील महाविद्यालये बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. २९ एप्रिलला विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाच्या परीक्षा जुलैत घ्याव्यात, असे सुचविले. मेअखेर राज्य शासनाने त्या होणार नाहीत, असे जाहीर केले व जूनमध्ये तसा निर्णयही काढला. कुलपती या नात्याने राज्यपालांनी त्यास हरकत घेतली. ६ जुलैला आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा अनिवार्य ठरविल्या. अखेर २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की परीक्षा पुढे ढकलण्याचा राज्यांना अधिकार आहे, मात्र परीक्षेवाचून उत्तीर्ण करण्याचा नाही.

या पाच महिन्यांत विद्यार्थ्याने काय करावयाचे होते? पुस्तके वसतिगृहात अडकलेली, घरात एकच भ्रमणध्वनी, वडिलांचा रोजगार बुडालेला, आणि परीक्षा आहे की नाही हे दर पंधरवड्यास बदलणारे. संकट निश्चित असेल तर मनुष्य त्यास तोंड देण्याची तयारी करतो. अनिश्चिततेशी झुंजावयाचे कसे, हे मात्र कोणासच उमगत नाही. सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने संपर्कलहरी मिळाव्यात म्हणून डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला, तेव्हा तिच्या जिद्दीचे सर्वत्र कौतुक झाले. ते योग्यच होते. परंतु ती झोपडी व्यवस्थेवरील आरोपपत्रही होती, हे फारच थोड्यांच्या ध्यानी आले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये देशात १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२० मध्ये हा आकडा १२,५२६ वर आणि २०२१ मध्ये १३,०८९ वर गेला. त्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे १,८३४, नोंदी महाराष्ट्रातील होत्या. यात शाळकरी मुलेही येतात आणि प्रत्येक मृत्यूचे कारण महामारीच होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण महामारी ओसरल्यावरही, २०२३ मध्ये, ही संख्या १३,८९२ झाली, हे अधिक चिंताजनक आहे. साथ गेली, दुखणे राहिले.

उपाय झालेच नाहीत, असे नाही. जुलै २०२० मध्ये केंद्र शासनाने ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे आणि गरजूने तिचा आधार निःसंकोच घ्यावा. जुलै २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक वा तत्सम व्यक्ती नेमण्याचे निर्देश दिले. हे स्वागतार्ह आहे. तथापि दारावर पाटी लावून आणि तपासणी समितीपुढे एक नाव ठेवून या आदेशाचे पालन झाल्याचे दाखविणे आपल्या संस्थांना अवघड नाही, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

खचलेला विद्यार्थी बहुधा समुपदेशकाकडे आपणहून जात नाही. तो वर्गात गैरहजर राहू लागतो, आणि ते प्रथम कळते ते त्याला नावाने ओळखणाऱ्या प्राध्यापकाला. परंतु आज अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या खांद्यावर आहे. तासागणिक मानधन घेणारा, पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसणारा शिक्षक विद्यार्थ्यापाशी घटकाभर बसणार केव्हा? ज्याचे स्वतःचेच भवितव्य टांगणीला लागले आहे, त्याने दुसऱ्यास कोणता धीर द्यावा?

म्हणूनच विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य हा केवळ वैद्यकाचा विषय नव्हे. तो प्रशासनाचाही विषय आहे. परीक्षा संपल्यावर तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावावा, असे महाराष्ट्राचा २०१६ चा विद्यापीठ कायदा सांगतो. रिक्त पदे भरण्यास नवे तत्त्वज्ञान लागत नाही. वेळापत्रक पाळणे, निकाल वेळेवर लावणे, शिक्षक कायम नेमणे, ही रूक्ष कामे कोणी मनोरुग्णसेवेत मोजत नाही. २०२० च्या त्या पाच महिन्यांत विद्यार्थी मात्र एवढेच मागत होते, की काय ते एकदा निश्चित सांगा. ती मागणी अद्याप पुरी झालेली नाही.