संगणकाला घरघर लागली म्हणून लगेच मोडीत काढू नका

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी होईनाशी झाली, तर आपण कुकर मोडीत देत नाही. आधी रिंग बघतो, मग शिट्टी साफ करतो. शिलाई मशीन जड चालायला लागलं की तेलाचे चार थेंब सोडतो आणि कामाला लागतो. मग कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेला संगणकच असा काय सोवळ्यातला आहे, की त्याला हात लावायला आपण बिचकावं?

आज पुष्कळ घरांत आठ-दहा वर्षांचा जुना संगणक असतो. कुणी हौसेनं नवा घेतलेला, कुणी कचेरीतून निघालेला स्वस्तात आणलेला. मुलांचा अभ्यास, सोसायटीचे हिशेब, शिकवण्यांच्या प्रश्नपत्रिका, लग्नामुंजीचे फोटो, सगळं त्याच्या पोटात. असा संगणक एक दिवस घरघरायला लागतो. अर्ध्या तासात मागून गरम वाफा येतात, काम मंदावतं, आणि ऐन मे महिन्यात तर तो मध्येच डोळे मिटतो. दुकानात दाखवला तर उत्तर ठरलेलं: "ताई, जुना झाला. आता नवाच घ्या."

पंचवीस-तीस हजारांचा खड्डा अंदाजपत्रकात पाडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. तापणं आणि घरघरणं ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. यंत्र तापलं की आतला पंखा जोरात फिरतो, आणि जोरात फिरला की आवाज करतो. तापणं कमी करा, आवाज आपोआप उतरेल. आणि तापण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: साठलेली धूळ आणि कोंडलेली हवा. या दोन्हींशी आपल्याइतका रोजचा सामना कुणाचा असतो, सांगा बरं!

आत चाललंय तरी काय?

ज्या डब्याला आपण सरसकट 'सीपीयू' म्हणतो, त्याच्या आत प्रोसेसर नावाची एक चपटी चकती असते, मोठ्या टपाल तिकिटाएवढी. सगळं डोकं तिचं आणि सगळा तापही तिचाच. कचेऱ्यांतून निघालेल्या पुष्कळ संगणकांत इंटेलचा २०१३ सालचा आय-५ ४५७० हा प्रोसेसर सापडतो. तो भरात असताना ८४ वॉटपर्यंत उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतकी, तीही तेवढ्याशा जागेतून!

ही उष्णता बाहेर काढायला एक साखळी असते. प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर 'हीटसिंक' म्हणजे पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा, त्यावर पंखा, आणि शेवटी डब्याच्या मागचा पंखा, जो गरम हवा बाहेर लोटतो. यातली एक कडी ढिली पडली की बाकीच्यांवर ताण येतो. अगदीच सोसेनासं झालं, साधारण शंभर अंशांच्या घरात पारा गेला, की प्रोसेसर आपणच आपली गती कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर संगणक बंद पडतो. आपल्याला वाटतं, तो म्हातारा झाला. खरं म्हणजे तो गुदमरलेला असतो.

आणखी एक. पंखा हवा थंड करत नाही, नुसती हलवतो. त्यामुळे खोलीत जी हवा असेल, तिच्याहून डबा थंड होणं शक्यच नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा संगणक कुठे ठेवलाय याला फार महत्त्व येतं.

पहिला उपाय बिनपैशाचा: जागा बदला

संगणकाच्या टेबलाला खाली एक बंद कप्पा असतो. दिसायला छान, पण संगणकाला ती कोंडवाड्याची खोली. त्याचं दार कायमचं उघडं ठेवा, नाहीतर डबा बाहेर काढा. मागच्या बाजूला भिंतीपासून वीतभर अंतर हवं, कारण गरम हवा तिकडूनच बाहेर पडते. डबा जमिनीवर नको, केरसुणीची सगळी धूळ त्याच्याच नाकात जाते. लाकडी पाटावर किंवा चार बोटं उंच चौरंगावर ठेवा.

स्वयंपाकघराला लागून असलेली भिंतही टाळा. फोडणीचा तेलकट धूर धुळीत मिसळला की असा चिकट थर बसतो, की तो निघता निघत नाही. उदबत्तीचा आणि डासांच्या कॉइलचा धूरही तसाच.

आणि ते भरतकामाचं सुरेख कव्हर! हौसेनं घातलंत, उत्तमच. पण संगणक चालू असताना ते अंगावर नको. बंद करून तो निवला की मग घाला.

आता झाडलोट

वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि होळीच्या सुमाराला, डबा उघडून झाडायचा. जड डबा गॅलरीत न्यायला यजमानांची मदत जरूर घ्या, उघडायला मात्र तुम्ही एकट्या पुरेशा आहात. जवळ फुली-तोंडाचा स्क्रूड्रायव्हर, एक इंची नवा कोरडा रंगाचा ब्रश आणि कॅमेरा साफ करायला मिळतो तसला रबरी फुगा असावा. फुगा नसेल तर सायकलचा पंप चालतो.

१. संगणक नीट बंद करा आणि सगळ्या वायरी काढा. मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला विजेचा अंश निघून जातो.

२. मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. परत लावताना डोकं खाजवावं लागत नाही.

३. मागचे दोन स्क्रू काढले की एका बाजूची पाटी सरकून येते. काही ब्रँडेड डब्यांना स्क्रूऐवजी खटका असतो.

४. आत बोट घालण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावा. आपल्या अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक असते. त्या दिवशी नायलॉनची साडी नको, सुती नेसा.

५. पंख्याचं पातं एका बोटानं धरून ठेवा आणि मगच ब्रश व फुगा वापरा. पंखा मोकळा भिरभिरू दिला तर त्याचं बेअरिंग खराब होतं.

६. पंख्याखालच्या पात्यांमध्ये बघा. तिथे गोधडीच्या कापसासारखा धुळीचा थर सापडेल. खरा गुन्हेगार तोच. ब्रशनं सोडवा, फुग्यानं उडवा.

७. मधेच लोंबणाऱ्या वायरी एकत्र करून बांधा, म्हणजे हवेची वाट मोकळी होते.

तोंडानं फुंकर घालू नका, थुंकीचे तुषार जातात. ओलं फडकं नको. व्हॅक्यूम क्लीनरची प्लॅस्टिकची नळी आत फिरवू नका, तिच्यातही स्थिर वीज तयार होते. आणि विजेची वायर जिथे लागते तो चौकोनी डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जोराचा झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते. त्याची जाळी बाहेरूनच झाडा.

काम झालं की पाटी परत लावा. पुष्कळ जण ती काढून ठेवतात आणि समोर टेबलफॅन लावतात. तसं करू नका. डब्यात हवा पुढून आत आणि मागून बाहेर अशी ठरलेली वाट असते, ती मोडते. शिवाय धूळ, झुरळं, पाली आणि लहान मुलांची बोटं यांना मोकळं रान मिळतं.

आवाज कुठून येतोय?

वर्तमानपत्राची सुरळी करा. पाटी लावलेलीच असू द्या, सुरळीचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं डब्याच्या पुढे-मागे फिरवा. डॉक्टरच्या नळीसारखा आवाज नेमका सापडतो. नुसता वाऱ्याचा सूं-सूं आवाज म्हणजे पंखा जोरात आहे, तो थंडाव्यानं उतरेल. झणझण म्हणजे सैल पाटी किंवा स्क्रू, तो आवळा. डब्याखाली जुन्या माउसपॅडचे चार तुकडे ठेवलेत तर टेबल घुमणं थांबतं. मात्र खालची जाळी झाकू नका.

खरखर म्हणजे पंख्याचं बेअरिंग कोरडं झालंय. पंखा काढून मधला कागद अलगद उचला. खाली बारीक भोक दिसलं, तर शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा. खोबरेल नको हं, थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं. हा उपाय मात्र तात्पुरता. काही महिन्यांत पंखा बदलावाच लागतो.

टक-टक असा ठेका आला तर सावध व्हा. ती हार्डडिस्क असू शकते. बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

थोडा खर्च, मोठा फरक

झाडूनही तापत असेल तर पेस्ट वाळलेली असणार. पाच-सहा वर्षांत ती खडूसारखी कोरडी होते. साधारण शे-दोनशे रुपयांत छोटी नळी मिळते. आधी संगणक पाच मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. मग प्लग काढून वर सांगितल्याप्रमाणे डबा उघडा. हीटसिंकला चार स्क्रू असतात, ते आळीपाळीनं समोरासमोरचे सैल करा. इंटेलच्या गोल हीटसिंकला चार टोप्या असतात, त्या बाणाच्या दिशेनं फिरवून वर ओढा. ठोकळा सरळ उपटू नका, थोडा डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या आणि मधोमध मटाराच्या छोट्या दाण्याएवढी नवी ठेवा. पोळीला तूप लावतो तशी जास्त लावण्यात काही लाभ नाही. ठोकळा दाबला की ती आपोआप पसरते.

मागचा पंखा बदलायचा असेल, तर डब्यात बसेल तेवढा मोठा घ्या. ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० मिलिमीटरचा पंखा सव्वादोन पट जागा व्यापतो, म्हणून सावकाश फिरूनही तेवढीच हवा काढतो आणि शांत राहतो. ब्रँडेड डब्यांत पंख्याची पिन कधीकधी वेगळी असते. तेव्हा ब्लाउजपीस जुळवायला साडी नेतो, तसा जुना पंखा दुकानात बरोबर न्या. आणि लावताना त्याच्या चौकटीवरचा बाण बघा. हवा बाहेर गेली पाहिजे.

एक उपाय फुकटचा आहे. वर सांगितलेला आय-५ नेहमी ३.२ गिगाहर्ट्झवर चालतो, पण घाईच्या कामात आपणहून ३.६ पर्यंत पळतो, आणि त्या धावेतच जास्त तापतो. विंडोजच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ केलं, की ही धाव थांबते. पत्रं, हिशेब, मुलांचे तास यांत फरक जाणवतसुद्धा नाही. तसंच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबून बघा. विनाकारण काय काय चालू आहे त्याची यादीच समोर येते.

आमच्या घरचा हिशेब सांगते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, निकालपत्रकं घरी याच यंत्रावर होतात. ऐन परीक्षेच्या दिवसांत ते बंद पडायला लागलं, आणि दुरुस्तीवाल्यानं ठरलेलं उत्तर दिलं. ब्रश ४०, पेस्ट १८०, पंखा ३५०: एकूण ५७० रुपये आणि रविवारची एक दुपार. आधी साध्या कामातही पारा ७८ अंशांवर असायचा, आता तो ६० च्या आसपास असतो. तुम्हीही आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहून ठेवा. संगणक सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ-२' दाबलं, की पुष्कळ यंत्रांत तो दिसतो.

कुठे थांबायचं?

काटकसर आणि हट्ट यांत फरक आहे. आतल्या पाटीवरची छोटी नळकांडी डोक्याला फुगलेली दिसली, जळका वास आला, ठिणगी उडाली किंवा डब्याला झिणझिण्या लागल्या, तर प्लग काढा आणि जाणकारालाच बोलवा. त्यानं मोठा खर्च सांगितला, तर मग खुशाल नवा संगणक घ्या. पण तेव्हा तो निर्णय तुम्ही डबा उघडून, डोळ्यांनी बघून घेतलेला असेल, कुणी 'जुना झाला' म्हणालं म्हणून नव्हे.

येत्या रविवारी जेवणं आवरली की गॅलरीत एक जुनी चादर अंथरा, स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पहिले दोन स्क्रू काढा. बाकीचं तुम्हांला नवीन नाही. शेवटी ती झाडलोटच आहे.